हळदीचं पेटंट, माशेलकर आणि रॉयल सोसायटी: रसायनशास्त्रज्ञांचा सन्मान नेमका कशासाठी होतो?

वसमत : जखम झाली की हळद लावायची, हे वसमतच्या घराघरात ठाऊक आहे. पण १९९५मध्ये अमेरिकेने याच उपयोगाचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दिलं होतं. ते रद्द झालं १९९७मध्ये. ही लढाई लढणाऱ्या सीएसआयआरचे तेव्हाचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर.

लढाई कशी जिंकली?
पेटंट मिळायचं तर शोध नवा असावा लागतो. हळदीचा उपयोग नवा नाही, हे सिद्ध करायला सीएसआयआरने ३२ संदर्भ सादर केले. त्यात संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने दाखले होते, तसाच १९५३चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. 'आमची आजी हे करायची' एवढं सांगून भागत नव्हतं, छापील पुरावा लागत होता.

फेलोशिप हळदीसाठी मिळाली का?
नाही. १९९८मध्ये माशेलकर लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले, ते पॉलिमर आणि रासायनिक अभियांत्रिकीतल्या संशोधनामुळे. गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेल्या माशेलकरांनी मुंबईच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, पीएचडी केली. त्यांचे मार्गदर्शक प्रा. एम. एम. शर्मा १९९०मध्येच फेलो झाले होते. असे सन्मान एका शोधापेक्षा अनेक वर्षांच्या कामाची दखल घेतात.

पडद्यामागच्या कामाचं काय?
रसायनशास्त्रात असं काम खूप आहे. १९१९मध्ये स्थापन झालेली आयुपॅक ही आंतरराष्ट्रीय संघटना संयुगांची नावं, मूलद्रव्यांची चिन्हं आणि अणुभार ठरवते. त्यासाठी जगभरातले शास्त्रज्ञ आपली नोकरी सांभाळून स्वयंसेवक म्हणून राबतात. डॉ. सी. एन. आर. राव १९८५ ते १९८७ या काळात तिचे अध्यक्ष होते. दीर्घकाळ सेवा करून निवृत्त होणाऱ्यांना ही संघटना 'इमेरिटस फेलो' म्हणून गौरवते.

वसमतला याचा काय उपयोग?
हळदीला पिवळा रंग देणारं मुख्य द्रव्य म्हणजे कुरकुमीन. त्याची रचना १९१०मध्ये उलगडली. एका रेणूत कार्बनचे २१, हायड्रोजनचे २० आणि ऑक्सिजनचे ६ अणू. निर्यातदार हळद घेताना कुरकुमीनचं प्रमाण पाहतात. इथल्या प्रयोगशाळेचा अहवाल परदेशातल्या खरेदीदाराला समजतो, कारण दोघांची रासायनिक भाषा एकच असते.

पुढे काय झालं?
हळदीच्या धड्यानंतर २००१मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभारायला सुरुवात झाली. आता परदेशी पेटंट कार्यालयंही ते तपासतात. २०२४मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. पेटंट एकाच्या नावावर असतं, मानांकन मात्र त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं. नोंदणी केलेला प्रत्येक शेतकरी ते नाव वापरू शकतो.