सातबारा झटकन उघडतो, मग जुना फेरफार वेगळा का काढावा लागतो?

पेठ वडगावच्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी सातबारा हवा असतो. मोबाईलवर महाभूलेख उघडायचं, जिल्हा कोल्हापूर, तालुका हातकणंगले, मग गाव आणि गट नंबर. उतारा समोर येतो. नावापुढे कंसात एक आकडा असतो, खाली ‘जुने फेरफार क्र.’ म्हणून आणखी आकडे. वाटणी कशी झाली, वारस कोण लागले, हा तपशील मात्र गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असतो. सातबाऱ्यावर त्या नोंदीचा फक्त नंबर.

कागदावरची ही जुनी सोय मोठ्या डेटाबेसलाही करावी लागते.

डेटाबेस माहिती ठरावीक आकाराच्या पानांत ठेवतो. पोस्टग्रेसमध्ये हे पान 8 केबीचं. नाव, गट, क्षेत्र अशा छोट्या नोंदी एका पानात डझनांनी बसतात. त्यात 2 एमबीचं स्कॅन कोंबता येत नाही. म्हणून नोंद साधारण 2 केबीच्या पुढे गेली की पोस्टग्रेस मोठा मजकूर आधी दाबून लहान करतं. तरी मावला नाही तर तुकडे करून वेगळ्या टेबलात ठेवतं. मूळ नोंदीत उरते फक्त खूणचिठ्ठी. या पद्धतीचं नाव ‘टोस्ट’ (हो, पावाचा विनोद मुद्दामच आहे). मोंगोडीबीत एका डॉक्युमेंटला 16 एमबीची मर्यादा आहे. त्याहून मोठ्या फाईलचे ‘ग्रिडएफएस’ 255 केबीचे तुकडे करतं.

पण वेगळं ठेवून भागत नाही. प्रोग्रॅमने ‘सगळे रकाने द्या’ म्हटलं की डेटाबेस ते तुकडे गोळा करून जोडून देतोच. 50 फेरफारांची यादी, प्रत्येकी 2 एमबीचं स्कॅन, म्हणजे 100 एमबी. शिवारात रेंजचा एकच दांडा असताना हे पान उघडणारच नाही. यादीसाठी नंबर, तारीख, प्रकार एवढंच मागवलं तर काही केबीत काम होतं. स्कॅन त्या नोंदीवर बोट दाबल्यावर आणायचं. हेच लेझी लोडिंग.

याचा अतिरेकही होतो. यादीतली तारीखसुद्धा मागाहून आणायची ठरवली, तर 50 ओळींसाठी सर्व्हरकडे 50 हेलपाटे. यादीत दिसणारं मूळ नोंदीतच हवं.

आणि स्कॅन डेटाबेसबाहेर, फाईल म्हणून ठेवलं असेल तर बॅकअप दोन्हींचा घ्यावा लागतो. नाहीतर वारसाचा वाद उभा राहतो तेव्हा फेरफाराचा नंबर सापडतो, कागद सापडत नाही.