वॅटचा फुगा आणि हॅरॉल्ड ब्लॅकची फेरीबोट

दिवाळीची खरेदी जवळ आली की एक प्रश्न हमखास येतो: ५० वॅटऐवजी १०० वॅटचा ऑडिओ रिसीव्हर घेतला, तर आवाज दुप्पट होईल का?

नाही होणार. वॅट दुप्पट केले की आवाजाची पातळी ३ डेसिबलनं वाढते, आणि कानाला तो फरक थोडासाच जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणजे वॅट दसपट, ५० चे थेट ५००! एरवी घरात बेताच्या आवाजात गाणी ऐकताना स्पीकरला एखाददुसरा वॅटही पुरतो. उरलेली ताकद कामी येते ती तबल्याच्या थापेसारख्या क्षणभराच्या उसळीला.

तरी खोक्यांवरचे आकडे फुगतच गेले. भारतात ‘पीएमपीओ’च्या नावाखाली हजारो वॅट छापून संच विकले गेले; या मापाला सर्वमान्य प्रमाण असं काही नाही. घरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला जेमतेम १,३८० वॅट मिळतात. त्यावर चालणारा संच सतत ५,००० वॅट आणणार कुठून? ही गिऱ्हाइकाची उघड दिशाभूल आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अशा दाव्यांना १९७४ मध्येच नियम घालून दिले होते.

आवाज मोठा करणं त्यामानानं सोपं, तो न बिघडवता मोठा करणं अवघड. हे ज्याच्यामुळे साधलं, त्या हॅरॉल्ड ब्लॅकचं नाव संगीतप्रेमींच्या ओठांवर असायला हवं होतं. बेल लॅब्जमधल्या या तरुण इंजिनिअरपुढे प्रश्न होता दूरच्या टेलिफोनचा. वाटेतला प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर आवाजात थोडी विकृती मिसळे आणि ती पुढे साचत जाई. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी, कामावर जाताना, हडसन नदीवरच्या फेरीबोटीत त्याला उत्तर सुचलं. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर स्वतःचीच चूक खोडत राहील. हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच त्यानं आकृती काढली आणि खाली सही केली.

यात अ‍ॅम्प्लिफायरची बरीचशी वाढवण्याची ताकद मुद्दाम गमवावी लागते. हे कुणाला पटेना. ब्रिटिश पेटंट कार्यालयानं तर अर्जाला शाश्वत गतीच्या यंत्रासारखी वागणूक दिली, असं ब्लॅकनंच पुढे लिहिलं आहे. अमेरिकेतलं पेटंट हाती यायला १९३७ साल उजाडलं.

आजच्या जवळपास प्रत्येक रिसीव्हरमध्ये ही युक्ती आहे. म्हणून माहितीपत्रकात वॅटच्या शेजारचा मजकूर वाचावा. ‘८ ओहम, २० हर्ट्‌झ ते २० किलोहर्ट्‌झ, दोन चॅनल चालू, विकृती ०.०८ टक्के’ अशा अटींवर दिलेले ८० वॅट, ‘६ ओहम, १ किलोहर्ट्‌झ, एकच चॅनल चालू, विकृती १० टक्के’ अशा १५० वॅटपेक्षा कितीतरी भरवशाचे.