गेम कंपनीतील नोकरी : खेळ कमी, कसोटी अधिक

पुणे : व्हिडिओ गेम कंपनीतील नोकरी म्हणजे दिवसभर खेळण्याचा पगार, असा अनेक पालकांचा समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. चित्रकार पात्रे रेखाटतो, ॲनिमेटर त्यांना हालचाल देतो, प्रोग्रामर खेळाचे नियम संगणकाच्या भाषेत उतरवतो; तर परीक्षक एकच प्रसंग पुनःपुन्हा खेळून त्यातील दोष नोंदवतो.

स्वतःचा गेम तयार करणाऱ्या लहान कंपनीला मात्र तो विक्रीस येईपर्यंत त्यातून उत्पन्न मिळत नाही. पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' या गेमसाठी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा केलेला प्रयत्न फसला. तरीही काम सुरू राहिले. २०२० मध्ये गेम प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले.

मोठ्या कंपनीला पैशाचे पाठबळ असते. पण महत्त्वाचे निर्णय दूरच्या मुख्यालयात होतात. 'युबिसॉफ्ट'च्या पुणे व मुंबई स्टुडिओंनी हाती घेतलेले 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'च्या पुनर्निर्मितीचे काम २०२२ मध्ये माँट्रियलकडे सोपवण्यात आले.

त्यामुळे या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या तरुणाने मुलाखतीत पगाराबरोबरच आणखी एक प्रश्न विचारावा : हा गेम पूर्ण होईपर्यंतचा पैसा कोठून येणार?