केस काळे करायला गेले अन् केशरी झाले? घाईत दुसरं पाकीट फोडू नका, आधी हे वाचा

लग्नसराई असो, गावची जत्रा असो की सोयरिकीची बैठक, आदल्या दिवशी किराणा दुकानातून डायचं पाकीट आणून घरीच लावायचं, हे आता गावोगावी चालतं. खर्च कमी, तालुक्याला हेलपाटा नाही. पण डोकं धुतल्यावर कधी भांग केशरी दिसतो, कधी केस कोळशासारखे काळेकुट्ट होतात, तर कधी हिरवट झाक येते. मग घाबरून त्याच दिवशी दुसरा डाय, त्यावर लिंबू, खायचा सोडा, कपड्याची पावडर असा मारा सुरू होतो. खरं नुकसान इथंच होतं. चुकलेला रंग बहुतेक वेळा सुधारता येतो. पोळलेली कातडी अन् तुटलेले केस मात्र लवकर सुधारत नाहीत.

आधी पाहा, खाज-सूज आहे का?

टाळूला आग, खाज, कानामागे पुरळ, पापण्या किंवा चेहरा सुजणं यातलं काहीही दिसलं तर रंगाचा विचार सोडा. डोकं साध्या पाण्यानं भरपूर धुवा, दुसरं काही लावू नका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. जाताना पाकीट सोबत न्या. श्वास घ्यायला त्रास होत असेल, ओठ-जीभ सुजत असेल तर वेळ न घालवता 108 ला फोन करा.

ही ॲलर्जी बहुतेक वेळा पीपीडी या रसायनामुळे येते. बऱ्याच काळ्या डायमध्ये ते असतं. 'इतकी वर्षं लावतोय, काही झालं नाही' हे कारण पुरेसं नाही. वर्षानुवर्षं वापरल्यावरही ॲलर्जी अचानक सुरू होऊ शकते.

नेमकं लावलं काय होतं?

उपाय त्यावरच ठरतो. पाकिटाची मागची बाजू वाचा.

साधी मेंदी: मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते केसाला चिकटून बसतं आणि त्याचा रंग केशरी-तांबूसच असतो. काळ्या केसांवर तो फारसा दिसत नाही, पांढऱ्या केसांवर मात्र भडक दिसतो. म्हणजे पांढरे केस केशरी झाले तर मेंदी खराब नव्हती, तिचा रंगच तो आहे.

काळी मेंदी: नुसती मेंदी कधीच काळा रंग देत नाही. 'मेंदी' लिहिलेल्या पाकिटानं अर्ध्या तासात केस काळे झाले, तर त्यात रासायनिक डाय आहे असं समजा.

क्रीम डाय: यात रंगाची ट्यूब वेगळी अन् डेव्हलपर वेगळा असतो. डेव्हलपरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे रंग केसाच्या आत जाऊन पक्का होतो. म्हणून तो एक-दोन धुण्यात निघत नाही.

केस केशरी झाले तर

साध्या मेंदीनंतर दोन-तीन दिवस थांबा. हवा लागून हा रंग आपोआप थोडा गडद होतो. तरीही नको असेल तर त्यावर इंडिगो, म्हणजे नीळीच्या झाडाच्या पानांची पूड लावता येते. केशरीवर निळा बसला की केस तपकिरी ते काळे दिसतात.

पूड कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा आणि लगेच लावा, रात्रभर भिजवू नका. केस आधी शाम्पूनं धुतलेले, तेल नसलेले हवेत. तास-दीड तासानं साध्या पाण्यानं धुवा आणि पुढचे एक-दोन दिवस शाम्पू लावू नका. सुरुवातीला हिरवट झाक दिसली तरी घाबरू नका, दोन दिवसांत रंग गडद होतो. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कपड्यांना घालायची नीळ म्हणजे ही पूड नव्हे. ती डोक्याला लावू नका.

फारच काळे झाले तर

काळ्या डायवर तपकिरी डाय लावला की रंग उतरेल, हा समज चुकीचा आहे. डायवर डाय लावून रंग फिका होत नाही, उलट थर वाढतो. रात्री खोबरेल तेल लावा, सकाळी शाम्पूनं धुवा. असं तीन-चार वेळा केलं की कडकपणा थोडा कमी होतो. बाकीचं काम वेळ करतो. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे बारीक केस ठेवणाऱ्या पुरुषांची दोन-तीन कटिंगमध्ये सुटका होते.

घरी ब्लीच करू नका. मेंदीच्या काही पाकिटांत धातूचे क्षार मिसळलेले असतात. त्यावर ब्लीच पडलं तर केस तापून तुटू शकतात. इंडिगोवर ब्लीच केलं तर केस हिरवे होण्याचीही भीती असते.

हिरवट किंवा ठिगळं-ठिगळं दिसले तर

आधी मेंदी न लावता पांढऱ्या केसांवर थेट इंडिगो लावली की हिरवट-निळसर रंग येतो. दोन दिवसांत गेला नाही तर वरून साधी मेंदी थोडा वेळ लावा, लाल रंग हिरवटपणा मारतो.

मुळं फिकी अन् टोकं काळी दिसतात, कारण टोकांवर जुन्या डायचे थर असतात. पुढच्या वेळी फक्त नव्यानं वाढलेल्या मुळांनाच लावा. राहून गेलेल्या जागी तोच रासायनिक डाय पुन्हा लावायचा तर किमान दोन आठवडे जाऊ द्या.

उद्याच कार्यक्रम असेल तर? पुरुषांना फेटा-टोपी आहे, बायकांना पदर अन् गजरा आहे. एका धुण्यात निघणारा तात्पुरता रंगही मिळतो. कपाळावर, कानावर डाग पडले असतील तर खोबरेल तेलाचा बोळा फिरवा. रॉकेल, थिनर अजिबात नको.

पुढच्या वेळी चुकू नये म्हणून

• लावायच्या 48 तास आधी थोडा डाय कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. दरवेळी, जुन्याच पाकिटाचा डाय असला तरी.

• कटिंगचे चार पांढरे केस घेऊन त्यावर रंग आधी तपासा. किती वेळात कोणता रंग येतो ते कळतं.

• पाकिटावरच्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका. जास्त वेळ म्हणजे जास्त पक्का रंग नव्हे, जास्त जळजळ.

• जत्रेत हातावर 'काळी मेंदी' काढून फोड आले असतील, तर अशा माणसानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय काळा डाय लावू नये.

• भुवया, पापण्या, मिशीजवळ जपून. भुवया-पापण्यांना डाय लावल्यास डोळे जाऊ शकतात, म्हणून तशी सूचना पाकिटावर छापलेली असते.

• बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर रंग निस्तेज दिसतो. शेवटचं एक तांब्याभर पाणी फिल्टरचं किंवा साठवलेल्या पावसाचं घ्या.

• कालवलेला डाय उरला तर टाकून द्या. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका. पोरांच्या पोटात गेला तर घसा सुजतो, किडनी निकामी होऊ शकते. असं झालं तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठा.

रंग चुकला तर दोन दिवस लोक बोलतील अन् विसरतील. म्हणून घरी करायचाच असेल तर कार्यक्रमाच्या आदल्या रात्री नको, किमान आठवडाभर आधी करा. चुकलं तरी सुधारायला हातात वेळ राहतो.