निळ्या पोटाचं भांडं

पाटसचा टोलनाका ओलांडून सोलापूरकडे निघालं की थोड्याच वेळात कुरकुंभची एमआयडीसी येते. उसाच्या फडांतून येणाऱ्याला ती दिसण्याआधी वासानं कळते. सिप्ला, एमक्युअर, अल्काइल अमाइन्स या इथल्या पाट्या. औषधांचा मूळ माल, म्हणजे बल्क ड्रग, आणि नाना रसायनं इथं बनतात. पण वसाहतीची खरी ओळख हवी तर पाट्या सोडून रिॲक्टरपाशी, म्हणजे रसायनं शिजतात त्या भांड्यापाशी जावं.

बाहेरून नुसती पोलादी टाकी. मॅनहोलमधून बॅटरी मारली की आत गडद निळा, चकचकीत रंग. आम्लानं पोलाद खाऊ नये म्हणून त्यावर काच वितळवून चढवलेली असते. मधोमध ढवळणी, बाहेरून जॅकेट. त्यात कधी वाफ, कधी गारढोण ब्राइन, म्हणजे खारं पाणी. बॅच तापायला लागली की ऑपरेटरचा हात ब्राइनच्या व्हॉल्व्हवर. पाना निसटून आत पडला आणि काचेचा टवका उडाला, तर तेवढा प्लॅन्ट ठप्प.

या भांड्यांतलं मोठं नाव फाउडलर. अमेरिकेत रॉचेस्टरला १८८४ साली निघालेली ही कंपनी आधी बिअरवाल्यांच्या कामाची होती. गुजरातेत करमसदला तिची उपकंपनी झाली, आणि २०२१ मध्ये त्या लेकीनंच आईचा बहुमताचा हिस्सा विकत घेतला!

बल्क ड्रगचं काम पश्चिमेकडून इकडे सरकलं त्याला स्वस्त मजुरी हे अर्धंच कारण. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाऐवजी ते बनवायच्या पद्धतीलाच संरक्षण दिलं. आपल्या रसायनतज्ज्ञांनी दुसऱ्या वाटा काढल्या. शिवाय तिकडे सांडपाण्याचा खर्च जड होत गेला. कामाबरोबर ते सांडपाणीही आलं. कुरकुंभ, पांढरेवाडीकडच्या विहिरींच्या तक्रारी जुन्याच आहेत. रोजगाराच्या हिशेबात हा खर्च शेवटी धरतात, धरलाच तर. मी तो पहिला धरीन.

काम इथंही टिकलं नाही. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलिन बनत होतं. पुढे चीनच्या स्वस्त मालापुढे देशातले पेनिसिलिन-जीचे कारखाने एकेक करून बंद पडले, आणि गोळ्या आपल्या, मूळ माल त्यांचा, अशी गत झाली. २०२० मध्ये केंद्रानं बल्क ड्रगसाठी ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना आणली. तिच्यातून पेनिसिलिन-जी पुन्हा देशात बनू लागलं, पण पिंपरीत नव्हे, आंध्रात, काकिनाड्याकडे.