मागच्या रांगेतली आजी काळी का येते?

प्रश्नांच्या चिठ्ठ्यांमध्ये एक प्रश्न चौघांनी विचारलाय, म्हणून तो आधी घेऊ. ‘कॅमेऱ्यावर लावायचा वेगळा फ्लॅश घेतला, तरी घरातल्या ग्रुप फोटोत पुढची मुलं पांढरीफटक आणि मागची माणसं काळी येतात.’

बघा, फ्लॅश बिघडलेला नसतो. अंतर दुप्पट झालं की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. पुढची रांग सहा फुटांवर आणि मागची नऊ फुटांवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या निम्म्यापेक्षाही कमी उजेड मिळतो. तुम्ही मागे सरकून पुढची रांग बारा फुटांवर नेलीत, तर मागची पंधरावर जाते आणि तिला जवळजवळ दोन तृतीयांश मिळतो. फरक तिथेच कमी झाला. मग थोडं झूम करा. फ्लॅशला चौपट जोर लागेल, त्यासाठी आयएसओ ४०० वरून ८०० किंवा १६०० करा. थोडे दाणे दिसले तर दिसू देत, चेहरे दिसणं महत्त्वाचं.

दुसरा उपाय सगळ्यांना ठाऊक असतो: फ्लॅशचं डोकं छताकडे वळवायचं. पांढऱ्या स्लॅबच्या फ्लॅटमध्ये तो उत्तम चालतो. चष्म्यावरची चमकही बहुतेक वेळा जाते. पण जुन्या नाशकातल्या वाड्यात? वाडा बिल्डरकडे जायचा असतो, म्हणून सगळं घराणं शेवटचं एकदा जमतं. परदेशातला नातू येतो, नव्वदीची आजी येते. ही माणसं या माजघरात पुन्हा एकत्र उभी राहणार नाहीत. आणि वर काय? काळपट लाकडी तुळया आणि फळ्या. त्या बहुतेक उजेड गिळतात, उरलेला तपकिरी करून खाली पाठवतात. मंगल कार्यालयात लाल कापडाचं छत असलं, तर सगळे चेहरे लाल.

अशा वेळी छत सोडा, भिंत शोधा. तुमच्या पाठीमागे चुन्याची पांढरी भिंत असेल, तर फ्लॅश उलटा तिच्याकडे वळवा. ती नसेल, तर दोघांना तुमच्या मागे स्वच्छ पांढरी चादर ताणून उंच धरायला सांगा. फुलाफुलांची नको! (हशा) उजेड मोठ्या पृष्ठभागावरून आणि लांबून येतो, म्हणून मागच्या रांगेपर्यंत बराच सारखा पोचतो.

दादासाहेब फाळके १९१३ मध्ये मुंबईहून नाशकात आले, तेव्हा चित्रीकरण उन्हाच्याच भरवशावर चालायचं. आपल्याला निदान ऊन खिशात घालून नेता येतं.

आता आकडे. छिद्र एफ ५.६, शटर १/६० च्या आसपास, म्हणजे खोलीतल्या दिव्यांचाही थोडा उजेड येईल. लोक हलत असतील तर १/१२५. फ्लॅश टीटीएलवर ठेवलात आणि समोर पांढऱ्या टोप्या, पांढरे सदरे जास्त असले, तर कॅमेरा फसतो आणि फोटो अंधारा काढतो. फ्लॅशची भरपाई अधिक दोन तृतीयांश करून बघा.

हे सगळं मुलांना उभं करून आधी जुळवा, आजींना शेवटी बोलवा. त्यांना दहा मिनिटं उभं ठेवायचं नाही, खुर्ची द्या. भिंतीवरून उजेड घेताना फ्लॅश बहुधा पूर्ण जोरावर जातो, तेव्हा त्याचा तयारीचा दिवा लागेपर्यंत पुढचा फोटो काढू नका. निदान सहा फोटो घ्या, वीस माणसांत कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच.

हं, पुढची चिठ्ठी.