न दिसणाऱ्या श्रोत्याशी संवाद

रायपूर शहरातील पंडरी हा भाग कापडाच्या घाऊक बाजारासाठी प्रसिद्ध आहे. येथे व्यापारी आणि ग्राहक समोरासमोर बसून भाव ठरवतात. ग्राहकाच्या कपाळावर आठी दिसली, की व्यापारी दुसरा तागा उलगडून दाखवतो. एखादा शब्द समजला नाही, तर ग्राहक तो पुन्हा विचारून घेतो. विचारांच्या अशा देवाणघेवाणीस संज्ञापन असे म्हणतात. मात्र याच बाजारातील घडामोडींची बातमी जेव्हा वर्तमानपत्रात छापली जाते किंवा आकाशवाणीवरून सांगितली जाते, तेव्हा परिस्थिती पालटते. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. सांगण्यात चूक झाली, तरी ती लगेच कळत नाही आणि कळेपर्यंत ती हजारो घरांत पोहोचलेली असते. अशा व्यापक संवादास मराठीत जनसंज्ञापन आणि हिंदीत जनसंचार असे म्हणतात. समोर नसलेल्या माणसाशी खरे आणि सुबोध कसे बोलावे, हा या विद्याशाखेचा गाभा आहे.

वाचकाची भाषा

या विषयाचे विधिवत शिक्षण सुरू होण्यापूर्वीच छत्तीसगढमध्ये त्याचा पहिला धडा गिरवला गेला होता. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केले. वामनराव लाखे व रामराव चिंचोलकर हे त्यांचे सहकारी होते. सप्रे यांची मातृभाषा मराठी होती. तथापि मासिकाची भाषा त्यांनी हिंदी ठेवली, कारण ज्या वाचकांपर्यंत पोहोचायचे होते, त्यांची ती भाषा होती. आर्थिक अडचणींमुळे हे मासिक तीन वर्षांत बंद पडले. पुढे सप्रे यांनी १९०७ मध्ये नागपूर येथून 'हिंदी केसरी' काढला आणि लोकमान्य टिळकांच्या 'गीतारहस्य' या ग्रंथाचा हिंदी अनुवादही केला. लेखकाने स्वतःच्या नव्हे, तर वाचकाच्या सोयीची भाषा निवडावी, हे तत्त्व आज विद्यापीठांत शिकवले जाते. सप्रे यांनी ते प्रत्यक्ष आचरणात आणले होते.

संदेश पोहोचला का?

या भागाने आणखी एक मोठा प्रयोग पाहिला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात भारताने अमेरिकेच्या एका उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचवले. त्या वेळच्या मध्य प्रदेशातील रायपूर परिसरातील खेडीही त्यांत होती. तारेच्या जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची अँटेना उभारून सार्वजनिक संचावर शेती, आरोग्य व शिक्षण या विषयांचे कार्यक्रम दाखवले जात.

यंत्रणा उभी राहिली, चित्र दिसू लागले. पण तेवढ्याने काम संपले नाही. पाहणाऱ्यांना आशय समजला का? स्त्रिया कार्यक्रमाला येऊ शकल्या का? सांगितलेली शेतीची पद्धत लहान शेतकऱ्याला परवडणारी होती का? अशा प्रश्नांचा शोध घेण्यासाठी संशोधक खेड्यांत जाऊन राहिले. संदेश पाठवणे आणि तो पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अशा अभ्यासातूनच उमगते. म्हणूनच विद्यापीठात लेखनाबरोबर संशोधनपद्धतीही शिकवली जाते.

विद्यापीठातील अभ्यास

पुणे विद्यापीठाने १९६४ मध्ये रानडे इन्स्टिट्यूट येथे वृत्तपत्रविद्येचे शिक्षण सुरू केले. छत्तीसगढ राज्याने २००४ मध्ये कायदा करून कुशाभाऊ ठाकरे पत्रकारिता व जनसंचार विद्यापीठ स्थापन केले. ते रायपूरजवळ काठाडीह येथे आहे. पत्रकारिता, दृक्‌श्राव्य माध्यमे, जाहिरात व जनसंपर्क असे विषय तेथे शिकवले जातात.

या अभ्यासाचे स्वरूप एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. पंडरीतील एका दुकानाला आग लागली असून 'दहा दुकाने जळाली' असा संदेश मोबाइलवर फिरत आहे, असे समजू या. वार्ताहर प्रथम विचारतो : हे कोणी पाहिले? मग तो अग्निशमन दल, पोलीस आणि दुकानदार यांच्याकडून माहिती पडताळतो. काय, कोठे, केव्हा, कोण, का आणि कसे या सहा प्रश्नांची उत्तरे मिळवतो; जे उत्तर मिळाले नाही, त्याच्या जागी तर्क भरत नाही. बातमीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट प्रथम येते. आकाशवाणीसाठी तीच बातमी लहान वाक्यांत लिहावी लागते, कारण श्रोत्याला मागचे वाक्य पुन्हा वाचता येत नाही. दूरचित्रवाणीवर आणखी एक प्रश्न उभा राहतो : रडणाऱ्या दुकानदाराचा चेहरा दाखवावा का? येथे कौशल्याइतकाच विवेक लागतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ ने दिलेले अभिव्यक्तिस्वातंत्र्य, त्यावरील वाजवी निर्बंध आणि बदनामीविषयक कायदा यांचा अभ्यास त्यासाठीच असतो.

सर्वांसाठी खुली वाट

पदवी अभ्यासक्रमास सामान्यतः बारावी उत्तीर्ण, तर पदव्युत्तर अभ्यासक्रमास कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेश घेऊ शकतो. मुक्त विद्यालयाच्या उच्च माध्यमिक स्तरावरही जनसंचार हा विषय घेता येतो. शिक्षणात खंड पडलेल्या व्यक्तीला येथे एक लाभही असतो. बाजार, शेत, कारखाना किंवा घर यांतील अनुभव तिच्या गाठीशी असतो आणि कोणते शब्द सामान्य माणसाला अडखळवतात, हे तिला ठाऊक असते. त्या अनुभवाला पडताळणीची शिस्त आणि लेखनाचा सराव यांची जोड मात्र द्यावी लागते.

ज्यांना पत्रकार व्हायचे नाही, त्यांनाही हा विषय उपयुक्त आहे. मोबाइलमुळे आज प्रत्येक जण संदेश घेणारा आणि पुढे पाठवणाराही झाला आहे. आपण पाठवलेला संदेश अखेर कोण वाचेल, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून तो पुढे धाडण्यापूर्वी 'हे कोणी पाहिले?' असे विचारणे, ही केवळ वार्ताहराचीच नव्हे, तर प्रत्येक सुजाण नागरिकाची जबाबदारी आहे.